दुसऱ्याच्या हातची गोळी

मिल्क क्रीक गावच्या नेमबाजांत एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही आणि कुणी मोडतही नाही. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या हत्यारात घालायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना! व्हर्नानं हा नियम लग्न झाल्यापासून मोडला होता. काडतुसं हार्लन भरायचा, झाडायची ती. कुणी टोकलं की म्हणायची, "नवरा काय दुसरा असतो होय?" लोक हसून सोडून द्यायचे, कारण बक्षिसं तीच घेऊन जायची.

आज मात्र रॉस्कोच्या बंदुकांच्या दुकानात ती हार्लनच्या मागं मागंच राहत होती.

घरची काडतुसं भरायची प्रेस झिजून खिळखिळी झाली होती. नवी घ्यायची तर कुठली, एवढाच प्रश्न. रॉस्कोनं दोन काढून ठेवल्या होत्या. एक साधी, दांडा एकदा ओढला की एकच काम करणारी. आधी सगळ्या काडतुसांना ठिणगी पाडणारी टोपी बसवा, मग एकेकात बंदुकीची दारू घाला, मग वर शिशाची गोळी दाबा. दुसरी फिरत्या चकतीची. तिच्यात सगळी कामं एकदमच व्हायची आणि दर ओढीला तयार काडतूस टपकन ताटलीत पडायचं. हार्लन तिचाच दांडा ओढून बघत होता. जत्रेतलं खेळणं हाती लागल्यासारखा खुलला होता बिचारा.

"तासाभरात महिन्याचा माल!" रॉस्को म्हणाला.

"साधीच घेऊ या ना," व्हर्ना म्हणाली.

"अन् माझा खांदा?" हार्लन म्हणाला.

"म्हाताऱ्याला आता तरी घोड्यावरून उतरून मोटारीत बसू दे की, व्हर्ना!" रॉस्कोनं टोला हाणला.

तिला हसू आलं नाही. हिवाळ्यात हार्लनला मेंदूचा झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं ठीक होतं, पण तो लावायचा त्या कॉफीच्या यंत्रातून कधी नुसतंच गरम पाणी यायचं, तर कधी दोनदा पूड पडून कडूजहर. ती तशीच प्यायची. पण गेल्या रविवारी सरावाला तिच्या रिव्हॉल्व्हरमधून धडाम् आलंच नाही. नुसतं फुस्स. हात जागीच थांबला म्हणून वाचली. गोळी नळीत अडकली होती. चाप पुन्हा ओढला असता तर नळी हातातच फुटली असती. पितळी गज घालून तिनं ती गोळी काढली आणि खिशात टाकली. हार्लनला सांगितलं नाही. ट्रक चालवणं गेलं, शिकार गेली, हे एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. ते कुठल्या तोंडानं काढून घ्यायचं?

आणि आता ही फिरती चकती! तिच्यात दारू पडली की लगेच वर गोळी बसणार, आत डोकवायला सवड कुठली? व्हर्नाच्या काडतुसांत दारू चिमूटभरच लागायची. दुप्पट पडली तरी वर गोळी आरामात बसली असती आणि झाडताना हत्यार फुटलं असतं.

"माझ्या हातात कसर आहे, असं वाटतं की काय तुला?" हार्लननं एकदम विचारलं.

"तसं नाही रे."

"मग चल मागं. परवाच भरलेली पेटी आहे गाडीत. दाखव ह्यांना झाडून."

दुकानाच्या मागंच नेमबाजीची खोली होती. रेंगाळलेले दोघं-तिघं मजा बघायला आले. व्हर्नानं कानाला आवाज अडवणारे डबे लावले, आपल्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत पाच काडतुसं भरली आणि हात उचलला. काळं वर्तुळ समोर स्वच्छ दिसत होतं. बोट चापावर गेलं आणि तिथंच राहिलं. मग तिनं हात खाली घेतला.

"नाही झाडणार मी."

"काय?" हार्लननं कानावरचं काढलं.

"तू भरलेली नाही झाडणार, हार्लन."

कुणीतरी उगाच खाकरलं. हार्लनचा चेहरा पडला. "म्हणजे मी आता दुसरा झालो," तो हळूच म्हणाला. मग त्यानं हात पुढं केला. "दे इकडं. मीच झाडतो."

"नाही!" व्हर्नानं चक्रीच मुठीत आवळली. "दुसरा असतास तर दिलं असतं झाडायला!"

तिनं खिशातली ओरखडलेली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. "रविवारी नळीत अडकली होती. दारूच नव्हती आत."

त्याला अधिक काही सांगायची गरज नव्हती. त्यानं ते शिसं बोटांत फिरवून बघितलं. मग म्हणाला, "रॉस्को, हातोडी दे."

ती पोकळ हातोडी भरलेली काडतुसं उघडायचीच असते. आत काडतूस अडकवून ठोकलं की गोळी सुटते, दारू मोकळी होते. चक्रीतली पाचही त्यानं स्वतः घेतली. पांढऱ्या कागदावर पहिली चिमूट पडली. बरोबर. दुसरीही बरोबर.

"बघ व्हर्ना, उगीच घाबरवलंस," रॉस्को म्हणाला.

देवा, मीच चुकलेली असू दे, व्हर्ना मनात म्हणत होती. जन्मभर बोल लावू दे त्यानं मला. तिसरीही बरोबर निघाली. चौथं काडतूस ठोकलं आणि कागदावर सरळसरळ दुप्पट ढीग पडला. पाचवं रिकामंच होतं.

एकात दोनदा, शेजारच्यात काहीच नाही. हार्लननं हातोडी ठेवली. "हे तुझ्या हातात होतं," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. मग तीही रडली, लोकांची पर्वा न करता.

"साधी बांध," शेवटी तो रॉस्कोला म्हणाला. "पण काडतुसं तिची तीच भरेल. मी हात लावणार नाही."

"दांडा तूच ओढायचास," व्हर्ना म्हणाली. "दारू घातली की एकेकात मी बघणार. 'बघितलं' म्हटल्याशिवाय गोळी बसवायची नाही."

"अगं, पेटीभर काडतुसांना अख्खी संध्याकाळ जाईल!" रॉस्को म्हणाला.

"जाऊ दे की. आम्हाला कुठं गावाला जायचंय?"

शनिवारी जेवणं झाल्यावर नवी प्रेस कामाच्या बाकाला ठोकली. हार्लननं पहिल्या काडतुसात दारू ओतली. व्हर्नानं विजेरी धरून आत डोकावलं.

"बघितलं."

त्यानं दांड्यावर हात ठेवला, पण ओढला नाही.

"परत बघ," तो म्हणाला.

तिनं परत बघितलं.