दोन वाजताची सभा

अखिल भिलाई व्यापार चेंबरचं छोट्या दुकानदारांवर फार प्रेम होतं. अध्यक्ष बाबारावजी दरवर्षी वार्षिक सभेत त्या प्रेमावर पाऊण तास बोलत. ‘छोटा दुकानदार हा या शहराचा कणा आहे’ या वाक्याशी ते आले की कार्यकारिणीचे उरलेले आठ जण न चुकता टाळ्या वाजवत. कणा स्वतः मात्र त्या सभागृहात कधी आला नव्हता. त्याच्यासाठी सात वर्षांपूर्वी आणलेल्या दोनशे खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

यंदा मात्र कण्याची निकड लागली. राजधानीतून पत्रक आलं होतं की जे चेंबर शंभर नवे छोटे सदस्य, तेही पूर्ण मताधिकारासह, करून दाखवील त्याला राज्यस्तरीय सन्मानचिन्ह मिळेल. बाबारावजींचा सिमेंट-सळईचा मोठा कारभार. त्यांच्या ऑफिसात शाली आणि मानपत्रं ठेवायला वेगळं कपाट होतं, पण त्यात राज्यस्तरीय असं काही नव्हतं. म्हणून त्यांनी अनुजाला नेमलं.

पद होतं ‘सदस्यता व सहभाग अधिकारी’. व्हिजिटिंग कार्डावर ते लिहायला दोन ओळी लागत. ती सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे, हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं. शंभर सदस्य झाले तर वार्षिक सभेत कायम नेमणुकीचं पत्र, नाही झाले तर नमस्कार, असा साधा हिशेब होता.

हे पत्र अनुजापेक्षा तिच्या बाबांना जास्त हवं होतं. चंपतराव चौतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये राबून रिटायर झालेले. त्यांच्या मते जगात माणसं दोनच तऱ्हेची, एक परमनंट आणि दुसरी ठेक्यावरची. पोरीने एमबीए केलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं, ‘‘हे केल्यावर परमनंट होते का?’’ त्यांच्या लेखी परमनंट माणसाला कायदाही एकच. रिलीव्हर, म्हणजे आपल्या जागी येणारा पुढच्या शिफ्टचा माणूस, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. अनुजा जन्मली त्या दिवशी त्यांचा रिलीव्हर आला नाही, म्हणून ते सोळा तास मिलमध्ये उभे होते. ही गोष्ट ते दर वाढदिवसाला अभिमानाने सांगत, आणि दर वाढदिवसाला अनुजाची आई ती ऐकून स्वयंपाकघरात भांडी आपटत असे.

पहिल्या दिवशी अनुजा गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका घेऊन प्लांटला लागून असलेल्या मरोदा वस्तीत गेली. मुखपृष्ठावर सूट घातलेली माणसं एकमेकांचे हात हातात घेऊन हसत होती. आत ‘नेटवर्किंग’ हा शब्द चौदा वेळा आला होता. प्लांटच्या गेटबाहेर धोंडबाचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने पुस्तिका उलटीपालटी केली, तिच्या पानाला हाताचं ऑइल पुसून पाहिलं, आणि हा कागद काही टिपत नाही असं दिसल्यावर परत दिली.

‘‘मॅडम, मले एक सांगा. तुमची मीटिंग किती वाजता राहते?’’

‘‘दोन वाजता.’’

धोंडबाने शेजारच्या ठेल्याकडे वळून हाक मारली. ‘‘ओ मथुराबाई, आयकलं का? दोन वाजता बोलावून राहिले!’’

मथुराबाई आलूगुंडे तळत होती. बटाट्याचा तो बेसनात बुडवलेला गोळा तिने कढईत सोडला आणि खो खो हसली.

‘‘अवो पोरी, दोन वाजता फस्ट शिफ्ट सुटते. गेटातून सारा भुका मानूस बाहेर पडते. त्या एका घंट्यात माह्या दिवसाचा धंदा होते. तो सोडून मी तुमच्या एसीत येऊन टाळ्या वाजवू का?’’

अनुजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या घरची सकाळ, जेवण, भांडणं, सगळं शिफ्टच्या घड्याळावर चाललेलं. बाबांची फर्स्ट शिफ्ट असली की लहानपणी ती अडीच वाजेपर्यंत त्यांच्या वाटेकडे डोळे लावून उपाशी बसायची. तरी तिच्या ध्यानात आलं नाही. अर्थात कार्यकारिणीतल्या नऊ शहाण्या माणसांच्याही ते कधी ध्यानात आलं नव्हतं. दोनची वेळ त्यांनी ठरवली होती, कारण तोवर त्यांची जेवणं उरकत, दुकानावर नोकर असत, आणि एसी घरच्यापेक्षा चेंबरचा चांगला होता.

‘‘मग तुमाले किती वाजता जमते?’’ तिने विचारलं.

धोंडबा आणि मथुराबाई एकमेकांकडे बघायला लागले. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

‘‘अकरा,’’ मथुराबाई म्हणाली. ‘‘सकायची गर्दी उतरलेली राहते अन् दोनाची तयारी सुरू नाई होत. अकराले ठेवत असशीन तं येईन. पन पक्कं सांग. मंग पलटाचं नाई.’’

अनुजाने तिथूनच बाबारावजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर टाकला.

‘‘अकरा तं अकरा!’’ फोनमधून आवाज आला. ‘‘तू फॉर्म भरून आन, बेटा. टाइमाचं काय घेऊन बसली? अन् पूर्ण मताधिकारवाले फॉर्म पायजेत, ध्यानात ठेव. अर्धेमुर्धे नाई चालत.’’

मग अनुजा रोज अकरा वाजता मथुराबाईच्या बाकावर बसू लागली. पुस्तिका घरीच राहिल्या. सायकलवाले, शिंपी, सलूनवाले, चपला शिवणारे, भाजीचे ठेलेवाले एकेक करून येत. ते खरं तर आलूगुंडा खायला येत, आणि मथुराबाई फॉर्मवर सही केल्याशिवाय चटणी वाढत नसे. ‘‘भर रे. मीटिंग अकराले आहे. पोरीनं जबान देल्ली,’’ असं ती प्रत्येकाला सांगे. नेटवर्किंग नेटवर्किंग म्हणतात ते बहुधा हेच. तीन आठवड्यांत एकशे चार सदस्य झाले.

बाबारावजींनी एकशे चार फॉर्मांच्या गठ्ठ्यासोबत फोटो काढून घेतला. दोन दिवस ते हवेत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना एक साधी गोष्ट सुचली आणि जेवण जाईना. गेली अकरा वर्षं ते वार्षिक सभेत सर्वानुमते निवडून येत होते. सर्व म्हणजे नऊ. आता सर्व म्हणजे एकशे तेरा झाले होते.

त्यांनी अनुजाला बोलावून घेतलं.

‘‘नोटीस टाक, बेटा. सत्तावीस तारीख, दुपारी दोन.’’

‘‘सर, दोन वाजता ते नाई येऊ शकत. तुमीच तं फोनवर अकरा म्हटलं होतं.’’

‘‘म्हटलं असन.’’ बाबारावजी पुढे झुकले. ‘‘नाई येऊ शकत? एकबी नाई?’’

‘‘एकबी नाई.’’

त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही माया पसरली की बघत राहावं. ‘‘मंग बिचाऱ्यायले आपला धंदा करू दे ना. कायले तरास द्याचा? सदस्य तं ते आहेतच. सन्मानचिन्ह त्यायच्याच नावानं घेऊ.’’ मग त्यांनी खणातून एक टाइप केलेलं पत्र काढलं. त्यावर अनुजाचं नाव होतं, ‘कायम’ हा शब्द होता आणि सहीची जागा रिकामी होती. ‘‘सही सभा झाल्यावर करतो. तोवर मरोद्यात फालतू फोनाफोनी नाई कराची. समजलं ना?’’

अनुजाला समजलं. सात वर्षं जो मूर्खपणा होता, तो आज धोरण झाला होता, आणि ते धोरण तिनेच स्वतःच्या तोंडाने त्यांना शिकवलं होतं. तिला संताप आला आणि संतापापेक्षा लाज जास्त वाटली. पत्र हवं होतं, हेही खोटं नव्हतं. बाबांनी साऱ्या नातेवाइकांत पोरगी परमनंट होणार म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं.

घरी आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. गप्प राहा, पत्र पदरात पडू दे, असं ते म्हणतील याची तिला खात्री होती, आणि आपण ते ऐकू याची भीतीही.

चंपतरावांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘अकराची जबान कोनं देल्ली होती त्यायले? तू का त्यानं?’’

‘‘मी.’’

‘‘मंग जाऊन सांग, का दोन आहे. तुह्या तोंडानं.’’

‘‘पत्र जाईन, बाबा.’’

 ‘‘जाईन तं जाईन,’’ चंपतराव म्हणाले. परमनंट या गोष्टीबद्दल असं त्यांनी चौतीस वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं, आणि म्हणून झाल्यावर ते उगाच उठून नळ बंद आहे का ते बघून आले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अनुजा मथुराबाईच्या बाकापाशी उभी राहिली. चंपतराव सोबत आले होते. तिने काही न लपवता सगळं सांगितलं. कढईतला झारा थांबला.

‘‘म्हंजे आमचं नाव पायजे,’’ मथुराबाई म्हणाली, ‘‘आमी नाई पायजे.’’

‘‘माहा फॉर्म वापस द्या, मॅडम,’’ धोंडबा म्हणाला. दोघंतिघं आणखी पुढे सरसावले. अनुजाने पिशवीत हात घातला; मागतील म्हणून गठ्ठा तिने ऑफिसातून सोबतच आणला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला लपवता येत नव्हतं.

‘‘थांबा जरासे,’’ चंपतराव म्हणाले. ‘‘दोन वाजता तुमाले कायच्यानं जमत नाई? जागा सोडता येत नाई म्हनून ना? आमी चौतीस वर्सं मशीन चालू ठेवून लग्नाले गेलो, मयतीले गेलो, बारशाले गेलो. कसे गेलो?’’

‘‘माह्या जन्माले नाई आले,’’ अनुजा नाक पुसत म्हणाली.

‘‘त्या दिवशी रिलीव्हर नाई आला. हे येतीन.’’

त्यांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. कडुनिंबाखाली मरोद्यातले झाडून सारे रिटायर्ड पत्ते कुटत बसले होते. कोक ओव्हनचे, ब्लास्ट फर्नेसचे, रेल मिलचे. चाळीस चाळीस वर्षं जागेवर उभी राहिलेली ही माणसं गेली काही वर्षं कुणीतरी कुठेतरी उभं राहायला सांगेल याची वाट बघत होती.

सत्तावीस तारखेला दोनच्या ठोक्याला सभा सुरू झाली. नऊ माणसं, एसी, आणि दाराशी अनुजा. बाबारावजी अहवाल वाचत होते आणि आज मधूनमधून रुमाल डोळ्यांना लावत होते. ‘‘छोट्या बांधवांसाठी आपन दरवाजे खुल्ले ठेवले. खुर्च्या ठेवल्या. पन ते नाई आले. जागृती नाई, दुसरं काय?’’ आठ जणांनी माना हलवल्या. या दुःखाला नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागली, आणि तीच नडली.

‘‘विषय चौथा,’’ ते म्हणाले. ‘‘अध्यक्षाची निवड. सर्वानुमते...’’

तेवढ्यात जिना वाजायला लागला. पुढे धोंडबा, मागे शिंपी, त्यामागे सलूनवाले दोघे भाऊ, मथुराबाई, आणि मग येतच राहिले. अनुजाने पहिल्या खुर्चीवरचं प्लॅस्टिक टरकन फाडलं. मग दुसऱ्या. सात वर्षांचं प्लॅस्टिक टराटरा फाटायला लागलं, तेव्हा सभागृहात दुसरं काही ऐकू येईना.

‘‘तुमी... सगळे?’’ बाबारावजी म्हणाले. ‘‘अन् दुकानं?’’

‘‘चालू आहेत,’’ धोंडबा म्हणाला आणि बसला. ‘‘अध्यक्षपदासाठी मी मथुराबाईचं नाव देतो. लिहा.’’

बाबारावजींनी घाईघाईने नियमांचं पुस्तक उघडलं. नव्या सदस्यांना मत नाही असं कुठेतरी असेलच. पण फॉर्मवर ‘पूर्ण मताधिकार’ असं ठळक छापलेलं होतं, आणि ते त्यांनीच आग्रहाने छापून घेतलं होतं. मथुराबाईसाठी हात वर झाले तेव्हा मागची भिंत दिसेनाशी झाली. बाबारावजींसाठी आठ हात वर व्हायचे होते. खजिनदाराने आपला खांद्यापर्यंत आणला, सभागृहाकडे एकवार पाहिलं, आणि कान खाजवून खाली घेतला.

बाबारावजी खुर्चीत बसूनच राहिले.  मथुराबाई पदराला हात पुसत व्यासपीठावर चढली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

‘‘उठा, बाबारावजी,’’ ती म्हणाली. ‘‘रिलीव्हर आली.’’

ते उठले.

उरलेली सभा सात मिनिटांत आटोपली, कारण ठेल्यावर चंपतराव होते आणि त्यांच्या तळण्यावर मथुराबाईचा काडीचा भरवसा नव्हता. सभेची वेळ अकरा झाली. मग तिने बाबारावजींनी सहीसाठी आणलेलं टेबलावरचं पत्र उचललं आणि अनुजाला जवळ बोलावलं.

‘‘हे काय आहे?’’

‘‘माह्या नेमणुकीचं. परमनंट.’’

‘‘परमनंट?’’ मथुराबाईने जिन्याकडे निघालेल्या बाबारावजींच्या पाठीकडे पाहिलं. ‘‘इथं तं अध्यक्षबी परमनंट नाई, पोरी. बरं, दे पेन. कुठं कराची?’’

चंपतरावांनी त्या दुपारी दोन घाणे जाळले, पण गिऱ्हाइकांनी ते रिटायर्ड माणसाचा मान म्हणून खाल्ले. पत्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी लॅमिनेट करून बैठकीत लावलं. सहीच्या शेजारी बेसनाचा अंगठा उमटला आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते आधी तो दाखवतात.