शॉवरखालची टाईल

ही गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या दोन्ही हातांना टाईलचा माल लागला होता. फोन मनगटाने कानाशी दाबून धरला. पलीकडे सासूबाई होत्या. "गेली हो," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "किती फोन लावले तुम्हाला!"

पित्ताच्या खड्यांसाठी हिला दाखल केलं होतं. ऑपरेशन नीट झालं होतं, एक-दोन दिवसांत घरी येणार होती. तोवर बाथरूमची भिंत करून ठेवू, असं मी आणि मेहुण्याने ठरवलं. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, फरशीची कामं करतो. उंचीने माझ्या खांद्याला लागतो, म्हणून घरात सगळे त्याला लंबू म्हणतात. टाईल हिनेच पसंत केली होती, दाराएवढी मोठी. "मला सांधे नकोत," म्हणाली. "जुन्या ब्रशने सांधे घासून माझी कंबर गेली. तुम्ही कधी हातात धरलाय तो ब्रश?"

एवढी टाईल एकट्याला झेपत नाही. भिंतीवर दातेरी थापीने माल ओढायचा, टाईल टेकवायची आणि दोघांनी रेटून, हलवत हलवत बसवायची. तेव्हा मालाच्या रेघा दबून सपाट होतात. मध्येच एकाने सोडली की घसरते.

शॉवरखालची टाईल टेकवली आणि खिडकीतला फोन वाजला. हिचं नाव दिसत होतं.

"दाजी, ताईचा फोन."

"वाजू दे. घरी कधी नेताय, हेच विचारणार."

थांबला. परत वाजला.

"मी धरतो, तुम्ही घ्या."

"तू धरणार? खाली चेपलास तर ताईला काय सांगू? भिंतीत बसवला म्हणून?"

आम्ही दोघं हसलो. आम्ही हसत होतो तेव्हाच फोन वाजायचा थांबला. तिसरा आला तो सासूबाईंच्या नंबरवरून. तेव्हा टाईल खाली आधाराला ठोकलेल्या पट्टीवर टेकवून मी हात काढला.

सगळं उरकल्यावर सासूबाईंनी चारचौघांत विचारलं, "दम लागला होता तिला. 'त्यांना बोलव' म्हणत होती. का नाही उचलला फोन?"

मी तोंड उघडायच्या आत लंबू म्हणाला, "आई, मीच म्हटलं वाजू दे. टाईल घसरली असती."

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मान खाली घातली, आणि ती घातलेलीच ठेवली.

तेव्हापासून सासूबाई त्याच्याशी बोलत नाहीत. माझ्याकडेच राहतात. मला बसवून जेवायला वाढतात. "खा हो जावईबापू, तुमचा काय दोष? माझ्याच पोटी धोंडा आला." आणि मी खातो.

काल लंबू राहिलेलं काम करायला आला. सासूबाई स्वयंपाकघरातून मला म्हणाल्या, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "आलेत वाटतं, टाईलवाले."

त्याने शॉवरखालच्या टाईलवर बोटाची पेरं वाजवली. वर भरीव, खाली पोकळ.

"काढावी लागेल, दाजी. खाली धरलीच नाहीये."

पातळ पट्टी घालून त्याने ती सोडवली, मी झेलली. मागे वरचा माल सपाट दबलेला होता. खालच्या रेघा जशा ओढल्या तशा उभ्या होत्या, वाळून दगड झालेल्या. दोघंही त्या रेघांकडे बघत राहिलो.

"लंबू, मी आईंना खरं सांगतो."

तो माल खरवडायला लागला. "राहू द्या. मी पोटचा आहे. मला किती दिवस टाकेल? तुमच्यावर रुसली तर कुठे जाईल ती? आणि तुम्हाला तरी कोण आहे?"

तेवढ्यात सासूबाई दाराशी आल्या. हातात एकच कप.

"जावईबापू, चहा."

लंबू भिंतीकडे तोंड करून खरवडतच होता. सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. मी कप घेतला आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून प्यायलो.

थोड्या वेळाने तो हात धुवून गेला. "रविवारी येतो," म्हणाला, तेही मलाच.

टाईल पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहे. ती लावायची राहिली आहे. सासूबाईंना सांगायचंही राहिलं आहे.