हजार यार्डांवरचा बार

भुताखेतांच्या गोष्टींचा मला तिटकारा आहे. मी नारायणगुड्याच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. जे मोजता येत नाही, ते माझ्या लेखी नाही. म्हणून जमा झालेल्या बंदुकांचा तुलनात्मक तक्ता करायला पोलिसांनी बोलावलं, तेव्हा मी उड्या मारत गेलो. खरं सांगायचं तर मला सालेह चाऊसला फासावर गेलेलं पाहायचं होतं.

सप्टेंबरात निजामाच्या शरणागतीची बातमी रेडिओवर आली, तसे आमचे थोरले बंधू एकनाथराव गच्चीवर धावले. घरात आनंद झाला की आजोबांच्या मार्टिनी बंदुकीचा बार काढायचा, ही आमची रीत. बिनगोळीची काडतुसं संपली होती. दादांनी गोळीचंच घातलं आणि हिमायतनगरच्या खडकांच्या दिशेनं उडवलं. तिकडे हजार यार्डांवर, बागेच्या वाटेनं, आमचा धाकटा गोविंद बायको निर्मलाबरोबर घरी येत होता. छातीतून गोळी आरपार जाऊन तो जागीच गेला. गोळी सापडली नाही. बागेचा पहारेकरी सालेह चाऊस, त्याच्याकडे थ्री-नॉट-थ्री रायफल मिळाली. त्याला धरलं. दादांची ती म्हातारी बंदूक इतक्या लांबवर माणूस मारील, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

जानेवारीत, भर दुपारी, शहराबाहेरच्या माळावर मी खड्ड्यात उतरलो. वर वाळूची पेटी दोरांनी टांगलेली, तिच्याखाली पेन्सिल. शिपायांनी झाडलेली गोळी लागली की पेटी झुलायची, रेघ उमटायची, आणि रेघेवरून मी गोळीचा वेग नि जोर काढायचा.

"मास्तर, डोकं बाहेर नक्को काढू," खड्ड्यात शेजारी बसलेले पोलीस जमादार अप्पाराव म्हणाले. "नेम पेटीवर हाय, पण गोळीला काय ठावं?"

जवळून झाडली तेव्हा मार्टिनीपेक्षा थ्री-नॉट-थ्रीचा जोर जास्त भरला. मग हजार यार्ड. पेटी हलली, आणि बाराचा आवाज त्यानंतर आला. गोळी आवाजाच्या पुढे धावत होती. मात्र वाटेत तिचा निम्म्याहून जास्त वेग गळाला होता.

मग मार्टिनी. आमचीच; हत्यारं जमा करायच्या हुकमात ती चौकीत गेली होती. तिच्या दस्त्यावर आजोबांची अक्षरं कोरलेली होती. सकाळी बंदूक हातात घेतली तेव्हा मला ती बघवली नव्हती.

आधी बार ऐकू आला. पेटी स्थिर. माळावर पाखरूही बोलत नव्हतं. तेवढ्या वेळात, शपथेवर सांगतो, माझ्या कानाशी गोविंद म्हणाला, "दादांचा बार!" आणि पेटी झुलली. थ्री-नॉट-थ्रीपेक्षा जास्त झुलली. जड गोळी सावकाश निघते, पण मिळालेला वेग सहजी सोडत नाही.

"कोण बोललं?" अप्पारावांनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी रेघ मोजायला वाकलो.

हे शब्द मी आधी ऐकले होते. गोविंद शेवटी तेच बोलला, असं निर्मलानं रडत सांगितलं होतं. बार तिला एकच ऐकू आला होता. दुसरा, चाऊसचा, गडबडीत कळला नसेल, अशी आम्हीच तिची समजूत घातली होती.

त्या रात्री मी तक्ता फाडायला घेतला होता, हे कबूल करतो. सकाळी तो दादांपुढे ठेवला. निर्मला दारात उभी होती.

"चाऊसच्या बंदुकीची गोळी आधी लागते, आवाज मागून येतो," मी म्हणालो. "गोविंदानं आवाज आधी ऐकला."

दादांनी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"मधे किती वेळ जातो, मुकुंदा?"

"एक म्हणेपर्यंत."

"एक," दादा पुटपुटले. मग निर्मलाकडे न बघता म्हणाले, "तेवढ्यात त्यानं काय केलं गं?"

"हसले," ती म्हणाली. "आणि तुम्हांला दिसावं म्हणून हात वर केला."

दादांनी तक्त्याची घडी करून खिशात घातली आणि चपला न घालताच चौकीकडे निघाले.