सुजितची गाठ

नातवाला सांभाळायला बाईच हवी, असं माझ्या मुलीचं, वैभवीचं म्हणणं होतं. सुजितला घरी आणलं मी. तो सातपाटीचा, चाळिशीचा. पंधरा वर्षं मासेमारीच्या बोटीवर होता, मग लहान मुलं सांभाळायचा कोर्स करून बोईसरच्या एका पाळणाघरात लागला. माझ्या गुडघ्यांना दीड वर्षाच्या स्वराजमागे धावणं जमत नव्हतं. पहिल्याच दुपारी सुजितने त्याला खांद्यावर टाकलं आणि पाय फाकवून, लाटेवर उभं राहिल्यासारखं डोलत झोपवलं. वैभवी म्हणाली, महिनाभर बघू.

महिना संपायला तीन दिवस होते. ती कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून लवकर घरी आली. सुजित ओट्यापाशी खिचडी ढवळत होता. स्वराज बाहेरच्या खोलीत वाट्या वाजवत बसला होता. त्याच्या कमरेला मऊ सुती दोरी होती आणि तिचं दुसरं टोक दाराच्या कडीला.

"गुरासारखं दावं लावलंत माझ्या पोराला?" ती हळू आवाजात म्हणाली. ओरडली असती तर बरं, असं मला वाटलं.

सुजितने गॅस बंद केला. "होडीत आमी पोरांना असंच बांधतो, ताई. दर्यात पडू नये म्हणून."

चुकलं, एवढंच तो म्हणाला आणि त्याने खुंटीवरची आपली पिशवी काढली. तिने त्याला थांबवलं नाही.

मी खुर्चीत पुस्तक उघडं धरून बसलो होतो. जन्मभर ग्रंथालयात बसलेल्या माणसाला बोलायची सवय नसते, हे कारण मी पुष्कळदा पुढे केलं आहे. त्या वेळीही ते मनात तयार होतं. सुजित चपला घालू लागला.

"वैभवी, ती दोरी माझ्यामुळे आली," मी म्हणालो. "काल त्याने मला पोराकडे बघायला सांगितलं होतं. मी वाचत राहिलो. स्वराज गरम कुकरपाशी पोचला. सुजितने धावत येऊन उचललं. तुला सांगू नकोस, असं मीच त्याला म्हटलं."

वैभवी दोरी सोडायला दाराच्या कडीपाशी गेली. गाठीशी झटापट करावी लागेल असं तिला वाटलं असावं, पण कडीजवळचं लोंबतं टोक ओढताच ती एका झटक्यात सुटली. तिने सुजितकडे पाहिलं.

"सुटायलाच पायजे ना, ताई," तो दारातूनच म्हणाला. "होडी उलटली तर पोर अडकायला नाय पायजे."

वैभवीने रिकामं टोक हातात तसंच धरून ठेवलं.

"आत या, सुजितदादा. खिचडी निवतेय," ती म्हणाली. "पण दाराला नाही बांधायचं."

सुजित अजून येतो. तो ओट्यापाशी असला की दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला असतं. गाठ तोच मारतो, मला ती अजून नीट येत नाही. वाचायचं मी सोडलेलं नाही. पण स्वराज जरा सरकला की हातातलं पान हलतं, आणि मी मान वर करतो.