हार नसलेला फोटो

देवळाली प्रवऱ्यात ज्योतीबाईंच्या यादीला मान होता. कुणाचंही लग्न असो, सत्काराची यादी त्यांनीच करायची. पहिला नारळ कुणाला, फेटा कुणाला, नुसती टोपी कुणाला, कुणाचं नाव कुणाच्या आधी पुकारायचं. एकोणीस वर्षांत त्यांच्या यादीवरून एकही पाहुणा मांडवातून उठून गेला नव्हता. अपवाद फक्त त्यांच्या सख्ख्या दिराचा, श्रीमंतभाऊजींचा. पण ते कुठल्याही मांडवातून उठून जायचे, त्यामुळे ते कुणी मोजत नसे.

आता स्वतःच्याच लेकीचं लग्न होतं आणि ज्योतीबाईंना यादी सुचत नव्हती. मोनिकानं कॅनडात नोकरी धरली, तिथलाच ल्यूक पसंत केला. पोरगा गुणी होता. पुरणपोळी चमच्यानं खायचा, पण चार खायचा. विहीणबाई जूडी हसतमुख. प्रश्न होता व्याह्यांचा. ग्लेनराव सहा महिन्यांच्या व्हिडिओ कॉलमध्ये "नमस्ते"च्या पुढे सरकले नव्हते. खुर्चीत बसायचे, मान हलवायचे, उठून जायचे.

"रागीट हायेत का गं?" ज्योतीबाईंनी विचारलं होतं.

"नाही आई. बोलतच नाहीत कुणाशी. ल्यूकशी पण नाही. फक्त आइस हॉकीचा विषय निघाला की दोन वाक्यं जास्त."

हे ज्योतीबाईंनी मनात धरलं. लेक सातासमुद्रापार नांदणार. तिथं नणंद नाही, जाऊ नाही, भांडायलासुद्धा आपलं माणूस नाही. सासऱ्याशी तिचं दोन शब्दांचं नातं जुळलं तरी पुष्कळ, आणि त्यासाठी बर्फावरून घसरावं लागलं तरी त्यांची तयारी होती.

सातवी शिकलेल्या ज्योतीबाई रोज दुपारी मशीनवर ब्लाऊज शिवता शिवता मोबाईल टेकवून आइस हॉकी बघू लागल्या. 'सर्वकाळातले सर्वश्रेष्ठ दहा खेळाडू.' एक व्हिडिओ झाला की दुसरा. आणि त्या हादरूनच गेल्या. दहा व्हिडिओ, दहा याद्या! एकात जो दुसरा, तो दुसऱ्यात सातवा. म्हणजे एवढा श्रीमंत देश आणि तिथं कुणाचा मान कितवा हे अजून ठरलेलंच नाही?

"आपल्याकडं असं झालं असतं तर डोकी फुटली असती," त्या शेजारच्या गोजरबाईंना म्हणाल्या.

नावं जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी वहीत आपल्या खुणा लिहिल्या. ग्रेट्झ्की म्हणजे नव्व्याण्णववाला, पाठीवर तो आकडा होता. ऑर म्हणजे गुडघेवाला. बिचाऱ्याचे गुडघे तरुणपणीच गेले. हाव म्हणजे बापलेकवाला. पन्नाशी उलटल्यावर दोन मुलांच्या जोडीनं एकाच संघात खेळला. तो ज्योतीबाईंच्या काळजात घुसला. लेकरांना घेऊन खेळतो त्याचा मान वर, असं म्हणून त्यांनी त्याला नव्व्याण्णववाल्याच्याही पुढे सरकवला.

आणि एका कॉलमध्ये त्यांना ते दिसलं. ग्लेनरावांच्या डोक्यामागे भिंतीवर फोटो. लाल जर्सी, हातात काठी, पायात पाती लावलेले बूट, ओठावर नुकती फुटलेली मिशी. नाक थेट ग्लेनरावांचं. म्हणजे व्याही स्वतः खेळाडू! ज्योतीबाईंनी आपल्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं मोनिकाच्या वडिलांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. त्या फोटोला हार नव्हता. म्हणजे प्रश्नच मिटला, जिवंत माणूस, तरुणपणचा. मोनिकाला विचारलं तर गंमत जाईल, म्हणून त्यांनी गुपचूप त्या कॉलचा स्क्रीनशॉट घेतला आणि फ्लेक्सवाल्या ओंकारकडे गेल्या.

"काकू, मागं वाघ टाकू का?" ओंकारनं सवयीनं विचारलं.

"बर्फात वाघ कशाला, मेल्या?"

"मग काय असतं बर्फात?"

"पांढरं अस्वल टाक. आन् व्याह्याचा फोटो सगळ्यात मोठा. पहिला नंबर. वर मुकुट."

"हे खरंच जगात पहिले हायेत?"

"लेकीचा सासरा हाय. दुसरा नंबर कुणाच्या बापाची टाप हाय द्यायची?"

लग्नाच्या आदल्या दिवशी मंगल कार्यालयाच्या फाटकावर तो फ्लेक्स चढला. 'जगातील सर्वश्रेष्ठ बर्फ-हॉकीपटूंच्या पंक्तीत आमचे व्याही श्री. ग्लेनराव यांचे हार्दिक स्वागत.' मधोमध एक नंबर, मुकुट घातलेला लाल जर्सीतला पोरगा. दोनवर बापलेकवाला, तीनवर नव्व्याण्णववाला, पाचवर गुडघेवाला, असे अकरापर्यंत फोटो, आकडे इंग्रजीत. कोपऱ्यात अस्वल. अस्वलाच्या पायाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढे, निमंत्रक श्रीमंतभाऊजी.

भाऊजी कमरेवर हात ठेवून पाहतच राहिले. "वैनी, आजवर एका फ्लेक्सवर मी देवाच्या खाली दुसरा नसंल असं झालं न्हाई. आन् हितं अस्वल माझ्या वर?"

"भाऊजी, उद्या माईकवर तुमचं नाव दोनदा घेते. आता रुसू नका, गाड्या आल्या."

शिर्डी विमानतळावरून आलेल्या गाड्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकत अडकत एकदाच्या पोहोचल्या. हलगी वाजली. ज्योतीबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढे झाल्या. जूडीबाई उतरल्या, ल्यूक उतरला, आणि शेवटी ग्लेनराव. साडेसहा फुटी माणूस वाकून बाहेर आला, सरळ झाला आणि त्याची नजर फ्लेक्सवर गेली.

तो तिथंच थांबला.

जूडीबाईंनी तोंडावर हात धरला. ल्यूकचा रंग उडाला. मोनिका फ्लेक्सकडे पाहत होती, मग आईकडे, मग परत फ्लेक्सकडे.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "हा फोटो कुठून आणलास?"

"त्यांच्या घरातला. भिंतीवरचा. ग्लेनरावांचा."

"ते नाहीत ते. त्यांचे थोरले भाऊ आहेत, ल्यूकचे काका. वॉरन. मॅचला जाताना बर्फात गाडी घसरली. एकोणीस वर्षांचे होते. त्या घरात त्यांचं नावसुद्धा कुणी काढत नाही, आई."

ज्योतीबाईंच्या हातातलं ताट कलंडलं. निरांजन विझलं. हळदी-कुंकू पायांवर सांडलं.

"पण… हार न्हवता गं," त्या पुटपुटल्या. "फोटोला हार न्हवता."

"त्यांच्यात घालत नाहीत, आई."

हे एवढंसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. जिवंत माणसाचं नाव मेलेल्याच्या फोटोखाली, तेही हळदीच्या दिवशी, तेही दहा बाय पंधराचं! वर मुकुट! एकोणीस वर्षांची यादी त्या एका फ्लेक्सखाली गाडली गेली. लेकीला सासरी एक माणूस मिळवून द्यायला निघाल्या होत्या. होता तोही घालवला.

"हलगी थांबवा!" श्रीमंतभाऊजींनी आवाज टाकला. त्यांना काही कळलं नव्हतं, पण वहिनीचा चेहरा कळला होता. "ए ओंकार, उतरव रे ते! शिडी आन!"

ओंकारनं शिडी लावली, तोच ग्लेनराव पुढे आले. त्यांनी शिडीवर हात ठेवला. ओंकार खाली उतरला. ग्लेनरावांनी हात उंच करून फ्लेक्सवरच्या त्या जर्सीला बोटं लावली आणि तशीच ठेवली. मग पाठ न वळवता त्यांनी काहीतरी विचारलं.

मोनिकानं मराठीत सांगितलं. "विचारतायत, त्याला पहिला नंबर कुणी दिला?"

ज्योतीबाई पुढे झाल्या. कुंकवात भरलेली पावलं फरशीवर उमटली. "मी दिला म्हनावं. चुकले. मला वाटलं, तुमीच. हात जोडून माफी मागते."

ग्लेनराव वळले. डोळे लाल झाले होते. बोलले ते सावकाश, अडखळत, पण बोलत राहिले. मोनिका एकेक वाक्य उचलत गेली.

"म्हणतात, मी चौदा वर्षांचा होतो. मला स्केटिंग त्यानं शिकवलं. माझ्या यादीत तो पहिल्यापासून एक नंबरच आहे. पन्नास वर्षं झाली. ती यादी मी कुणाला सांगितली नाही." मोनिकानं आईकडे पाहिलं. "म्हणतात, तुम्ही ती छापलीत."

ज्योतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग हातांनी जे येतं ते केलं. सत्काराच्या टोपलीतला झेंडूचा हार उचलला. "इचार त्यांना, घालू का? आमच्यात घालतात."

ग्लेनरावांनी हाराकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

"म्हणतात, नको. अजून खेळतोय तो तिथं."

ज्योतीबाईंनी हार परत ठेवला. ग्लेनराव मात्र पुन्हा फ्लेक्सकडे वळले, नाक पुसलं, चष्मा लावला आणि पाच नंबरवर बोट ठोकलं. या वेळी आवाज चढला होता.

"आता काय झालं गं?"

"आई, ते म्हणतायत, ऑर पाचवा? हा मूर्खपणा कुणी केला? दुसरा हवा!"

"गुडघेवाला व्हय? त्यांना म्हनावं, दुसरा बापलेकवालाच. लेकरांना घेऊन खेळला त्यो!"

ग्लेनरावांनी उत्तर दिलं, लांबलचक. ज्योतीबाईंनी त्याहून लांब दिलं. मोनिका मधे उभी राहून दमली. ल्यूक आईच्या कानात काही बोलला, तेव्हा जूडीबाई हसतही होत्या आणि रडतही होत्या. ओंकारनं संध्याकाळपर्यंत पट्टी छापून आणली आणि 'ग्लेनराव'वर 'वॉरनराव' चिकटवलं. मुकुट तसाच राहिला.

आत जाताना ग्लेनराव मोनिकापाशी थांबले, खाली वाकून हळूच काही बोलले.

"काय म्हनाले?" ज्योतीबाईंना राहवेना.

"घरी आलीस की तुला त्याच्या गोष्टी सांगीन. ल्यूकलाही बोलाव." मोनिकानं डोळे पुसले. "आणि आई, तुझ्याशी वाद अजून संपलेला नाही म्हणाले."

दुसऱ्या दिवशी ज्योतीबाईंनी माईकवर पहिला मान वॉरनरावांच्या नावानं पुकारला. नारळ ग्लेनरावांनी दोन्ही हातांत घेतला, फेटा वाकून बांधून घेतला. झेंडूचा हार दुसऱ्या नावाला, श्रीमंतभाऊजींच्या गळ्यात पडला. आपला नंबर कितवा हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच विचारलं नाही. ज्योतीबाईंनी मात्र ठरल्याप्रमाणे त्यांचं नाव दोनदा घेतलं.