जाण्याआधीचा सत्कार

फेटेवाल्याने अभयची हनुवटी धरून डोकं सरळ केलं आणि केशरी कापडाचं टोक त्याच्या दातांत धरायला दिलं.

“हलू नका साहेब. ढिला बसला तर स्टेजवर सुटंल.”

“अहो, पण मला निशाताईंशी दोन मिनिटं बोलायचंय,” अभय दातांतल्या दातांत म्हणाला.

“बोला की. फेटा झाल्यावर.”

आता फेटेवाल्याशी काय वाद घालणार! अभय आला होता वाईट बातमी सांगायला आणि इथे त्याचा पाहुणा करून टाकला होता. धायरीच्या त्या गल्लीत वळताच त्याला कमानीवर निशाताईंचा माणसाएवढा फोटो दिसला होता. मागे विमान, खाली ‘आमच्या सूनबाई निघाल्या अमेरिकेला’, आणि त्याखाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे की सत्कार नक्की कुणाचा असा प्रश्न पडावा. स्कूटर तिथल्या तिथे वळवून पळ काढावा असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण तेवढ्यात मंडळाच्या हिंदुरावांनी माईकवरूनच त्याला हेरलं. “आले, आले, अमेरिकेच्या ऑफिसातले साहेब आले!” झालं, पळायचं राहून गेलं.

मेल सकाळीच आला होता. तिकडच्या सरकारने अनुदान थांबवलं होतं. देशोदेशीची, आपापल्या कामात पुढाकार घेणारी माणसं निवडायची, महिनाभर तिकडे न्यायची, तिकडच्या लोकांबरोबर काम करू द्यायचं, असा तो कार्यक्रम. पुण्यातून या वर्षी विशेष मुलांची शाळा चालवणाऱ्या निशाताईंची निवड झाली होती. मेलमध्ये ‘पुढील आढावा होईपर्यंत’ असे मऊ शब्द होते, पण अभयची उमर असल्या मेलमध्ये गेली होती. आढावा म्हणजे नाही, हे त्याला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. त्याचा स्वतःचा पगारही त्याच अनुदानातून निघायचा, पण त्या काळजीचा नंबर नंतरचा. दिवसभर तो निशाताईंना फोन लावत राहिला. त्या उचलणार कशा? व्हिसाचा फोटो बघायला म्हणून त्यांचा फोन भावकीतल्या बायकांच्या हातांतून फिरत होता. शेवटी, असलं काही तोंडावर सांगावं, एवढी तरी माणुसकी दाखवावी, म्हणून तो निघाला. आता ती माणुसकी चांगलीच अंगाशी आली होती.

शाळा भरायची ती सासरे दत्तोबांच्या इमारतीतल्या खालच्या गाळ्यांत. रस्ता रुंद झाला, समोर मोठमोठी दुकानं आली, आणि एक फरशीवाला ते गाळे मागायला लागला. दत्तोबांनी सुनेला दिवाळीपर्यंत जागा सोडायला सांगितलं होतं. तेवढ्यात ही निवड झाली. घरातली बाई एकटी परदेशी जाणार म्हटल्यावर म्हातारा आधी बिथरलाच होता. त्याला समजवायला अभय स्वतः इथे येऊन चहा पिऊन गेला होता. “काका, तिकडचं सरकार स्वतः बोलावतंय,” असं त्याने छातीठोकपणे सांगितलं, आणि सरकार म्हटल्यावर दत्तोबांचा नूरच बदलला. त्या दिवसापासून फरशीवाल्याचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

फेटा झाला. अभय गर्दीतून वाट काढत निशाताईंपर्यंत पोहोचला. त्या पाटावर बसल्या होत्या आणि सासूबाई, सोजरबाई, निरांजनाचं ताट घेऊन पुढ्यात उभ्या होत्या.

“निशाताई, जरा बाजूला येता का?”

“आता न्हाय बाजूला,” सोजरबाईंनीच उत्तर दिलं. “वाती इझत्याल. तुमीबी हितंच थांबा, साहेब.”

निशाताई हसल्या आणि खांदे उडवून ‘बघा आता’ असं खुणेने म्हणाल्या. इतक्या खुशीत त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग स्टेज, शाल, श्रीफळ. दत्तोबा माईकपाशी आले. आयुष्यात पहिल्यांदाच माईक हातात आलेला दिसत होता, कारण तो त्यांनी कानाला लावला. हिंदुरावांनी तो तोंडाशी धरून दिला.

“मला काय बोलता येत न्हाय,” दत्तोबा म्हणाले. “आमाला वाटायचं, ही पोरं सांभाळायचं काम, त्यात काय एवढं. पर सातासमुद्रापलीकडनं बोलावनं आलं. आपलं चुकलं. फरशीवाल्याला मी काल न्हाई म्हनून सांगितलं. आमची सूनबाई जाऊन माघारी आली, की त्या गाळ्यांचा कागद शाळेच्या नावानं करतो. कायमचा.”

टाळ्यांनी मांडव दणाणला. निशाताईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचा नवरा विक्रम खाली उभा राहून शिट्ट्या वाजवत होता, आणि शाळेतला सोनू ताशाच्या आवाजाने घाबरून आईच्या कडेवर तोंड लपवून बसला होता.

“आता साहेब दोन शब्द बोलतील!”

अभयने माईक घेतला. आता नाही तर कधीच नाही, असं त्याने मनाला बजावलं आणि डोळे मिटूनच बोलून टाकलं.

“मंडळी, मी खरं तर एक वाईट बातमी घेऊन आलोय. तिकडून अनुदान थांबलंय. कार्यक्रम स्थगित झालाय. मला फार...”

पुढचं बोलायला माईक हातात राहिलाच नाही.

“बघा मंडळी!” हिंदुराव गरजले. “साहेबांचं केवढं बारीक लक्ष! अहो, सरकारी काम म्हटल्यावर थोडं मागंपुढं व्हायचंच. आपलं पालखी रोडचं काम किती वर्षं चाललंय? पर होणार, म्हंजे होणार! साहेबांसाठी जोरदार टाळ्या!”

टाळ्या खरंच जोरदार झाल्या. ताशेवाल्यांना तेवढंच निमित्त लागत होतं. दत्तोबांनी अभयच्या पाठीवर थाप मारली. सत्काराच्या मांडवात वाईट बातमीला बसायला जागाच नसते, हे त्याला तेव्हा कळलं. अख्ख्या गर्दीत एकट्या निशाताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि त्यांनी चेहऱ्यावर पुन्हा हसू आणलं.

जेवणाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन त्या स्वतः त्याच्यासमोर आल्या आणि वाढायला वाकल्या.

“मागेपुढे, की रद्द?”

“रद्द.”

“पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी आमचं ऑफिसच नसेल, ताई.”

त्यांनी त्याच्या पानात जिलबी वाढली. मग अजून एक वाढली. तो नको म्हणत होता, ते त्यांना ऐकू येत नसावं.

“मी आत्ता तुमच्या सासऱ्यांना जाऊन सांगतो,” अभय म्हणाला. “माझी चूक आहे. मीच त्यांना...”

“काही नका सांगू. फरशीवाला अजून नाक्यावर चहा पीत बसलेला असेल.” त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. “वर्गाला नुसता नवा रंग दिला, तर सोनू आठवडाभर आत यायला तयार नव्हता. एवढ्या मुलांना घेऊन मी कुठे जाऊ हो? बाबा काय म्हणाले, ऐकलंत ना? माघारी आल्यावर.”

“ऐकलं.”

“मग मला जायला तर हवंच.”

“कुठे?”

“हडपसरला माझी मावशी असते. एकटीच आहे. इथलं कुणी तिकडे फिरकत नाही. राहीन महिनाभर दार लावून.” हे बोलताना त्यांना धाप लागली होती. “विमानतळावर न्यायला तुमची गाडी येणार होती ना? ती तेवढी पाठवा. बाकी माझं मी बघते.”

गाडीवाल्याला अभयने सकाळीच नको म्हणून कळवलं होतं. हे काही खरं नाही, असं कसं चालेल, महिनाभर फोन येतील, फोटो मागतील, असं कायकाय त्याच्या ओठांवर आलं. पण निशाताई ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून त्याच्या उत्तराची वाट बघत होत्या.

“पाठवतो,” तो म्हणाला.

“गाडी कशापायी?” मठ्ठ्याची बादली घेऊन सोजरबाई मागेच येऊन ठेपल्या होत्या. “गाडीबिडी काय नगं, साहेब. आमी समदी येनार हाय की लोहगावला, हिला सोडवाया! विक्रमनं गाड्या सांगून ठिवल्यात. भावकीतल्या बाया येनार, हिंदुराव येनार. आन् ह्यांनी इमान कधी जवळनं बघितलंच न्हाय. ही आत जाऊन इमान वर उडूस्तोवर आमी काय हलायची न्हाय तिथनं.” त्यांनी अभयच्या वाटीत मठ्ठा ओतला. “किती वाजता हाय हो इमान?”

अभयने निशाताईंकडे पाहिलं. त्या शेजारच्या पानावर जिलबी वाढत होत्या. ते पान रिकामं होतं, तिथे अजून कुणी बसलंच नव्हतं.

“पहाटेचं आहे,” तो म्हणाला. “लवकर निघावं लागेल.”

“निघू की,” सोजरबाई म्हणाल्या आणि दशम्या गोड करायच्या की तिखट, ते सुनेला विचारू लागल्या.