एका घराने सरकलेला घोडा

अक्रोडाच्या लाकडाला भीती वाटत नाही, असं सुतार सांगतात. खोटं सांगतात. मित्रांनो, मी बुद्धिबळाचा एक जुना पट आहे, आणि माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं मी भीतीत काढली. ती भीती कुठून आली हे तुम्हाला सांगतो. ऐकायला गोड वाटणार नाही.

मला बाकूपासून दूर, डोंगरातल्या शेकी गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. त्याचा खरा धंदा खिडक्यांच्या जाळ्या करण्याचा. लाकडाचे बोटभर तुकडे एकमेकांत अडकवायचे, मधे रंगीत काचा बसवायच्या, खिळा नाही की सरस नाही. उरलेल्या लाकडातून त्याने मला केलं. काळी घरं अक्रोडाची, पांढरी चिनाराची. माझ्या अंगातही खिळा नाही. पुढे माझ्यावर अनेक घाव पडले, पण माझं एकही घर निखळलं नाही.

आमच्या लोकांत हा खेळ फार जुना. खानांच्या काळी त्याला शतरंज म्हणायचे. बड्या लोकांनी गालिच्यावर लोडाला टेकून खेळायचं आणि गरिबाने दारातून बघायचं. गरिबासाठी चहाची दुकानं होती, तिथे फासे खडखडायचे. मग झार गेला, कामगारांचं राज्य आलं आणि वरून हुकूम आला: कामगारांनी बुद्धिबळ खेळावं. हुकमाने कुणी शहाणा होत नाही. पण बाकूच्या तेलविहिरींवर कारखान्याकारखान्यात क्लब निघाले आणि तेलाने काळ्या झालेल्या बोटांत वजीर आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. अशाच एका क्लबाच्या स्पर्धेत मी पहिलं बक्षीस होतो. मला जिंकलं बालाकिशीने.

बालाकिशी विहिरींवर पंप दुरुस्त करायचा. त्याच्यासारखा फिटर दुसरा नाही असं लोक म्हणायचे. त्याने मला डोक्यावर घेऊन जुन्या तटबंदीच्या आतल्या गल्ल्यांतून मिरवत घरी नेलं. घर म्हणजे एक खोली आणि एक खिडकी. घरात त्याची आई खिर्दाखानुम आणि बायको सनुबर. खिडकीशी एक पेटी होती, तिच्यावर मला ठेवलं. शेजारीपाजारी येऊन माझ्यावरून बोटं फिरवून गेले. मला वाटलं, सुख म्हणतात ते हेच.

वर्षभरात त्याला पत्राने खेळायचा नाद लागला. त्याचा प्रतिस्पर्धी होता दूर उत्तरेला, आर्खांगेल्स्कच्या बर्फात, लाकूड गिरणीतला एक कारकून. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. याने कार्डावर एक खेळी लिहून पाठवायची, दोन आठवड्यांनी त्याची खेळी यायची. चौदा महिने एकच डाव चालला होता. चौदा महिने सोंगट्या माझ्यावर जशाच्या तशा उभ्या.

आणि म्हणून घरात नियम झाला: पटाला हात लावायचा नाही.

नियम म्हणजे कसला? एकदा सनुबरच्या शालीचं टोक लागून एक प्यादं पडलं. बालाकिशीने हातातला चहाचा पेला भिंतीवर फोडला.

"डोळे आहेत की बटणं?" तो ओरडला. "चौदा महिन्यांचं काम आहे हे!"

"अहो, उचलून ठेवते की परत."

"ठेवू नकोस! हात लावू नकोस! तुझा हात म्हणजे भूकंप!"

सनुबरने काचा वेचल्या. खिर्दाखानुम खाली मान घालून गहू निवडत राहिली. त्या दिवसापासून दोघी माझ्याजवळून जाताना शाल आवरून जायच्या, जशी माणसं बांधलेल्या कुत्र्याजवळून जातात. मित्रांनो, मला लाज वाटायची. मी काय चावणार होतो?

एकोणीसशे सदतीस साल उजाडलं. त्या वर्षी आमच्या गल्लीतली माणसं कमी व्हायला लागली. काल ज्याच्या दारात जोडे होते, त्याच्या दारात आज मोहर लावलेली. कुणी विचारायचं नाही. विचारलं तर उद्या तुमचं दार. बायका नळावर फक्त हवेबद्दल बोलायच्या.

मार्चमध्ये नवरोज आला. हा आमचा वसंताचा सण, पण तेव्हा तो जुनाट खुळात जमा झाला होता. जो करील त्याचं नाव कारखान्याच्या फळ्यावर, आणि फळ्यावरचं नाव कुठे कुठे जाईल ते सांगता यायचं नाही. तरी म्हाताऱ्या बायका ऐकतात होय? नवरोजच्या आधी ताटात गहू भिजवून हिरवे अंकुर काढायचे, नाहीतर वर्ष फुकट जातं, अशी खिर्दाखानुमची पक्की समजूत. बालाकिशी दहा दिवस विहिरींवर मुक्कामाला गेला होता. अंकुरांना ऊन हवं. ऊन यायचं एकाच खिडकीतून, आणि त्या खिडकीशी मी.

"आई, तिथे नको!" सनुबर म्हणाली.

"अगं, तिथेच. त्या पटाला हात लावायची कुणाची छाती आहे? कुणी आलं की वर कापड टाकायचं, मग शेजारीण काय, तिचा बापसुद्धा उघडून बघणार नाही."

डावात निम्म्या सोंगट्या मारल्या गेल्या होत्या. माझा एक कोपरा जवळजवळ रिकामा होता. वाटेत उभा होता फक्त बालाकिशीचा एक पांढरा घोडा. म्हातारीने तो उचलून खिशात टाकला आणि ताट ठेवलं. रोज सकाळी ती पाणी शिंपडायची. ताटाच्या बुडाखालून ओल माझ्या अंगात शिरायची. मी फुगत होतो, दुखत होतो, पण खरं सांगतो, त्या दहा दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याजवळ गाणं गुणगुणत होतं.

अकराव्या दिवशी ताट हललं. सनुबरने ओलाव्याचा वाटोळा डाग अक्रोडाचा गर घासून फिका केला. म्हातारीने खिशातून घोडा काढला.

"आई, तो इथेच होता ना? की इथे?"

"घोडा तो घोडा. एखादं घर इकडे तिकडे. पळून थोडाच जाणार आहे?"

तिने तो एक घर डावीकडे ठेवला. मी ओरडलो. लाकूड ओरडलं तर कोण ऐकतं? एक बारीक कुरकुर झाली. सनुबर म्हणाली, ऊन लागलंय.

बालाकिशी परतला तेव्हा आर्खांगेल्स्कचं कार्ड आलेलं होतं. त्याने प्रतिस्पर्ध्याची खेळी माझ्यावर मांडली आणि उठून उभाच राहिला.

"अगं ए! हा घोडा बघ! इथून उडाला की वजीर पण धोक्यात आणि हत्ती पण! इतके दिवस मला दिसलं कसं नाही?"

त्याची वही होती, तिच्यात प्रत्येक खेळी लिहिलेली. पट वहीशी ताडून पाहिला असता तर कळलं असतं. पण पट हलत नाही, हा त्याचा धर्म होता. त्याने तिथल्या तिथे कार्ड लिहिलं आणि शीळ घालत टपालात टाकून आला. उत्तर येईपर्यंत स्वतःची खेळी माझ्यावर करायची नाही ही त्याची रीत, म्हणून घोडा होता तिथेच उभा राहिला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सांगायचं कुणी? पेला भिंतीवर फुटतो ते दोघींनी पाहिलं होतं.

मे महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवणं होत असताना गुप्त पोलिसांतले दोघे जण आले. एक तरुण शिपाई, दारात उभा राहिला. दुसरा चाळिशीचा, साफारोव नावाचा, आवाज मऊ. मऊ आवाजाची माणसं सगळ्यात वाईट. तो माझ्यासमोर बसला, चहा मागितला आणि खिशातून कार्डांचा गठ्ठा काढला. बालाकिशीचीच कार्डं. आर्खांगेल्स्कला पाठवलेली.

"उस्ताद, तुम्ही छान खेळता," तो म्हणाला. "मीही थोडंफार खेळतो. तिसाव्या खेळीपर्यंत मला तुमचा हेवा वाटला."

"ही कार्डं तुमच्याकडे कशी, साहेब?"

"तुमच्या मित्राला तिकडे उचललंय. त्याच्या पेटीत मिळाली. आता एकतिसावी खेळी बघा. तुमचा घोडा अशा घरातून निघतो, जिथे तो कधी गेलाच नव्हता. म्हणजे हा घोडा नाही. हा निरोप आहे. काय निरोप आहे, उस्ताद?"

बालाकिशी हसला. निर्दोष माणूस हसतो तसा. "साहेब, पट समोरच आहे. बघा ना."

साफारोवने पाहिलं. मान डोलावली. "पटही तसाच मांडून ठेवलात. तयारीचे आहात."

बालाकिशीने धावत जाऊन वही आणली. बोट ठेवून एकेक खेळी वाचत गेला, आणि त्याचं बोट थांबलं. वहीतला घोडा एका घरात, माझ्यावरचा शेजारच्या घरात. त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना मी खालून पाहिला.

"वही एक सांगते, पट दुसरं सांगतो," साफारोव म्हणाला. "केसाएवढी फट ओळखणारा फिटर तुम्ही. चूक म्हणू नका. घरात कुणी हात लावला पटाला?"

आणि हा गाढव, माझा मालक, छाती काढून म्हणाला, "माझ्या घरात या पटाला हात लावायची कुणाची छाती नाही, साहेब."

स्वतःच्या हाताने स्वतःला मात दिली त्याने. शिपायाने खुंटीवरचा कोट काढून त्याच्यापुढे धरला.

सनुबरने हातातली किटली खाली ठेवली. खिर्दाखानुमच्या ओठांची चिमटी झालेली. बोलावं तर नवरोज बाहेर येणार, मुलाची नोकरी जाणार. न बोलावं तर मुलगाच जाणार. मला तेव्हा जीभ असती, मित्रांनो, तर ती नंतर कुणी छाटली असती तरी चाललं असतं, पण मी बोललो असतो.

"मी लावला," म्हातारी म्हणाली.

"आई, गप्प बस!" बालाकिशी म्हणाला. "साहेब, ती मला वाचवायला काहीही बोलतेय."

"खाला," साफारोव म्हणाला, मावशी म्हणावं तसं, "आया असंच बोलतात. रोज ऐकतो मी."

"असंच नाही! घोडा माझ्या खिशात होता दहा दिवस. त्याच्या जागी माझं ताट होतं." ती उठली, त्या कोपऱ्यातला घोडा तिने हाताने दूर सारला, माझ्यावर वाकली आणि शालीच्या टोकाने घासू लागली. "बघा! डोळे आहेत ना? बघा!"

साफारोव वाकला. उन्हाच्या तिरिपेत माझ्या अंगावरचं फिकं वर्तुळ दिसत होतं. "ताट आणा," तो म्हणाला. सनुबरने ताट आणलं. त्याने ते वर्तुळावर ठेवलं. बरोब्बर बसलं. वहीत जिथे घोडा लिहिला होता, ते घर ताटाच्या काठाखाली झाकलं गेलं.

"कशाचं ताट?"

"गव्हाचं."

"गहू कशाला भिजवला होता, खाला?" हे विचारताना त्याचा मऊ आवाज आणखी मऊ झाला.

"तुमच्या आईने कशाला भिजवला असेल?"

दारातल्या शिपायाने झटकन साफारोवकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की या माणसाच्या पाठीवरही कुणाचे तरी डोळे आहेत आणि तोही त्यांना भितो. त्याने घाईघाईने कागद काढला. माझं चित्र काढलं, वर्तुळ काढलं, घोडा काढला. खाली लिहिलं की एका वृद्धेच्या अंधश्रद्धेमुळे सोंगटी हलली. म्हातारीचा अंगठा घेतला. चहा न पिता तो निघून गेला.

बालाकिशीचं नाव फळ्यावर लागलं. फिटरचा हमाल झाला. पण रात्री तो घरी झोपायचा, आणि त्या साली एवढं पुष्कळ होतं. आर्खांगेल्स्कच्या माणसाचं मला काही कळलं नाही. त्याने फक्त एक चांगला डाव खेळला होता. ज्यांनी त्याला नेलं त्यांना मी कधीही माफ करणार नाही, आणि एका पटाच्या माफीला कोण विचारतो म्हणून तुम्ही हसलात तरी चालेल.

ते दोघे गेल्यावर त्या दुपारी काय झालं ते मात्र ऐका. बालाकिशी जमिनीवर बसला होता. कोट अजून हातात होता.

"आई, दोन महिने! मला का नाही सांगितलंस? एवढी त्यांची भीती वाटली?"

"त्यांची आज वाटली," म्हातारी म्हणाली. "दोन महिने तुझी वाटत होती."

त्याने कोट खाली ठेवला. मग त्याने मला दोन्ही हातांनी उचललं, सगळ्या सोंगट्या घरंगळून गेल्या, आणि मला अंगणात नेऊन ठेवलं. तिथे मी पुढची तीस वर्षं राहिलो. गल्लीतल्या पोरींनी माझ्यावर डाळिंबं सोलली. पोरांनी चिकट हातांनी घोडे उडवले, खोट्या खेळ्या केल्या, भांडली, आणि भांडताभांडता शिकली. खिर्दाखानुमही शिकली. वजिराला ती शेवटपर्यंत सूनबाई म्हणायची. त्या अंगणांतून, त्या क्लबांतून या शहराचा खेळ वाढला, आणि पुढे जगाला घाम फोडणारे खेळाडू इथून निघाले. हुकमाने नाही निघाले. कुणीतरी त्यांना पटाला हात लावू दिला म्हणून निघाले.

आज मी एका शाळेच्या कपाटात आहे. माझ्या कडा झिजल्यात, पॉलिश गेलंय. जुनी वस्तू शेवटी म्हणते, मला जपा. मी तसं म्हणणार नाही, कारण मला जपण्यापायी एक घर जवळजवळ बुडालं. मित्रांनो, वस्तू जरूर पुसा, नीट ठेवा. पण ती पडली, फुटली, सरकली तर ते तुम्हाला येऊन सांगायला तुमच्या माणसाचे पाय लटपटणार नाहीत, एवढं बघा. बाहेर भीती घालणारे पुष्कळ बसलेत. त्यांचं काम तुम्ही घरात करू नका.